पदार्थाच्या अवस्था वर्गात प्रयोगांनी शिकवताना: नव्या शिक्षकांसाठी

माझ्या पहिल्या वर्षी सहावीच्या चाचणीत 'वायूला निश्चित आकार व आकारमान नसते' हे वाक्य जवळजवळ सगळ्या मुलांनी बिनचूक लिहिलं होतं. पेपर वाटून झाल्यावर मी टेबलावरची पाण्याची रिकामी बाटली उचलली आणि विचारलं, "ह्यात काय आहे?" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "काही नाही, बाई!"

पाठ शिकवून झाला होता, गुणही मिळाले होते, आणि बाटलीतली हवा मात्र एकालाही दिसली नव्हती. त्यानंतर मी क्रमच उलटा केला. आधी मुलांचा अंदाज, मग प्रयोग, मग त्यावर बोलणं, आणि व्याख्या सगळ्यात शेवटी. गेली बरीच वर्षं साताऱ्याकडच्या शाळेत मी पाचवी ते आठवीला असंच शिकवते आहे. नव्याने रुजू झालेले शिक्षणसेवक आणि कला शाखेतून येऊन विज्ञानाचा तास घ्यावा लागणारे सहकारी मला नेहमी विचारतात, सुरुवात कुठून करायची? हे सगळं त्यांच्यासाठी लिहिते आहे. प्रयोगशाळा नसली तरी चालेल. एक मोठं टेबल, एक बादली आणि ४० मिनिटांचा तास एवढं हवं.

१. सामानाचं खोकं आधी भरा

तासाच्या दिवशी सकाळी सामान गोळा करायला गेलात तर प्रयोग होणार नाही, हे लिहून ठेवा. एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं करा, त्यावर यादी चिकटवा आणि ते कपाटात कायमचं ठेवा.

- २० मिलीच्या नव्या, सुई नसलेल्या सिरिंज, दर गटाला एक
- स्वयंपाकघरात वापरतात तो डिजिटल वजनकाटा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा
- प्रयोगशाळेचा तापमापी, −१० ते ११० अंश सेल्सिअसचा
- स्टीलचे पेले, पारदर्शक ग्लास, एक खोल बादली
- कोल्ड्रिंकच्या १ लिटरच्या प्लास्टिक बाटल्या, घट्ट बसणाऱ्या झाकणांसकट
- मीठ, साखर, खाण्याचा सोडा, लिंबं, कॉर्नफ्लोअर, कापूर, हरभरे, मोहरी, शाई
- भिंग, फुटबॉल आणि हवा भरायचा पंप (हे दोन्ही क्रीडा साहित्यात असतातच)
- बर्फासाठी थर्मास, जुने पंचे, फरशी पुसायचं फडकं, वाळूने भरलेली बादली

कागदपत्रं फार नाहीत. विस्तव वापरणार असाल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. कुणाला दमा आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, हे पालकांकडून आधी विचारून घ्या, कारण कापराच्या वासाने काही मुलांना त्रास होतो. आणि प्रत्येक वस्तूची पावती जपून ठेवा. समग्र शिक्षातून येणाऱ्या शाळा अनुदानातून हा खर्च करायचा असेल तर तो शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडावा लागतो, आणि पावती नसली की विषय तिथेच थांबतो.

दोन गोष्टींत चूक होऊ देऊ नका. ताप मोजायचा तापमापी पाण्यात घालू नका. त्यावर साधारण ३५ ते ४२ अंशच असतात, गरम पाण्यात तो फुटतो. आणि विकत घेताना पाऱ्याचा तापमापी टाळा, लाल द्रवाचा घ्या. वर्गात पारा सांडला तर तो फरशीच्या फटीत जाऊन बसतो आणि त्याची वाफ विषारी असते. सिरिंज मेडिकलमधून नवीच आणा, वापरलेली कुणी कितीही धुऊन दिली तरी नको.

२. ऋतू पाहून क्रम लावा

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि दोन वर्षं माझे प्रयोग त्यामुळेच फसले. पुस्तकातला क्रम हवामान पाहून लावलेला नसतो.

थंड पेल्याबाहेर पाण्याचे थेंब जमायला हवेत दमटपणा लागतो. तो प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये करा, पहिल्याच झटक्यात होतो. कोकणात आणि गोव्यात तो जवळपास वर्षभर जमतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलच्या कोरड्या दुपारी मात्र पेला कोरडा ठणठणीत राहू शकतो आणि तुम्ही मुलांसमोर अवघडून उभे राहता. उलट बाष्पीभवन, म्हणजे ओला रुमाल वाळवणं, ताटलीतलं मिठाचं पाणी आटवून मीठ परत मिळवणं, हे पावसाळ्यात घेतलंत तर ताटली आठवडाभर ओलीच राहते. ते फेब्रुवारी-मार्चसाठी ठेवा. मिठागरांचं कामही कोरड्या दिवसांतच चालतं. उरण-पेणकडची मिठागरं कुणी पाहिली असतील तर त्या मुलाला वर्गात सांगू द्या.

तिसरा प्रयोग डिसेंबर-जानेवारीचा आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. थंडीत घरोघरी बाटली उन्हात ठेवतात ती याचसाठी. त्याबद्दल शेवटी.

३. गट पाडा आणि अंदाजाची वही सुरू करा

एका गटात पाच-सहापेक्षा जास्त मुलं नकोत. प्रत्येक गटात एक जण सामान हाताळेल, एक मोजेल, एक लिहील, आणि दर प्रयोगाला ही कामं बदलतील. बदलली नाहीत तर वर्षभर मुलगेच हाताळतात आणि मुलीच लिहितात. हे आपोआप घडतं, म्हणून मुद्दाम लक्ष ठेवावं लागतं.

प्रयोगाआधी प्रत्येकाने वहीत एक ओळ लिहायची: 'मला वाटतं, असं होईल, कारण...' हे 'कारण' फार महत्त्वाचं आहे. अंदाज चुकला तर खोडायचा नाही, त्यावर लाल शेराही मारायचा नाही. मुलांना सुरुवातीला भीती वाटते, ती शेजारच्याचं बघून लिहितात. तीन-चार प्रयोगांनंतर त्यांना कळतं की इथे चूक लिहिल्याने गुण जात नाहीत, आणि मग खरे अंदाज यायला लागतात. कुणाच्या मनात काय चुकीचं पक्कं बसलंय हे मला त्या ओळीतूनच समजतं.

आणखी एक पथ्य. प्रयोग चालू असताना 'बघा, आता असं होणार' असं म्हणू नका. जीभ आवरणं हे यातलं सगळ्यात अवघड काम आहे.

४. पहिला तास: हवा आहे हे पटवा

कोरड्या ग्लासच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवा. ग्लास उपडा करून सरळ खाली बादलीतल्या पाण्यात बुडवा. बाहेर काढून बोळा मुलांच्या हातात द्या. कोरडा! मग पुन्हा बुडवा आणि या वेळी ग्लास किंचित तिरका करा. बुडबुडे वर येतात आणि कागद भिजतो. त्या बुडबुड्यांकडे बोट दाखवून विचारा, हे कुठून आलं? पहिल्या वर्षी ज्या प्रश्नाला 'काही नाही' उत्तर आलं होतं, त्याच प्रश्नाला आता 'हवा' येतं. बोळा सैल असेल तर तो पाण्यात पडतो, एवढीच काळजी घ्या.

हवेला वजन असतं हे दाखवायला बहुतेक जण काठीच्या दोन टोकांना दोन फुगे बांधतात आणि एक फोडतात. तो प्रयोग मी सोडून दिला. फुगलेल्या फुग्याला भोवतालची हवाच वर उचलून धरत असते, त्यामुळे दिसणारा फरक अगदी थोडा असतो, आणि फुटलेल्या रबराचा तुकडा उडाला तर उत्तर भलतंच येतं. त्याऐवजी फुटबॉल घ्या. आकार गोल राहील पण दाबला तर दबेल इतपतच हवा ठेवून त्याचं वजन करा. मग पंपाने कडक होईपर्यंत हवा भरा आणि पुन्हा काट्यावर ठेवा. चेंडूचा आकार फारसा बदलत नाही, आणि काटा ४-५ ग्रॅम जास्त दाखवतो. एक लिटर हवेचं वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम असतं. आठवीच्या मुलांना ह्यावरून आत किती हवा कोंबली ते काढायला सांगा. गणिताच्या तासाला कंटाळणारी मुलंही हे काढतात. चेंडू काट्यावरून घरंगळतो, म्हणून खाली एक वाटी ठेवा आणि तिचं वजन आधी शून्य करून घ्या.

५. दाबून बघा

सिरिंजमध्ये २० मिली हवा घ्या, तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या ढकला. निम्म्यापर्यंत जातो. सोडला की परत येतो. आता तेच पाणी भरून करा. कितीही जोर लावला तरी दट्ट्या हलत नाही. मग खडूचा तुकडा आत टाकून दट्ट्या त्याच्यावर टेकवून दाबा.

पाण्यात एक जरी बुडबुडा राहिला तर दट्ट्या थोडा सरकतो आणि मुलं 'पाणी पण दाबलं जातं' असं लिहून मोकळी होतात. सिरिंजचं तोंड वर धरून, टिचकी मारून बुडबुडा बाहेर काढायचा. दवाखान्यात सिस्टर असंच करतात, हे मुलांनी पाहिलेलं असतं.

इथेच कणांबद्दल बोलायला सुरुवात होते. हवेचे कण दूर दूर, मधे मोकळी जागा, म्हणून जवळ ढकलता येतात. पाण्याचे कण आधीच एकमेकांना खेटून, म्हणून नाही. मग मी मुलांना विचारते, गॅसचा सिलिंडर हलवला की आत काय ऐकू येतं? डुचमळल्याचा आवाज. गॅस म्हणतो तो, मग आत द्रव कसा? खूप दाब दिला की काही वायूंचे कण इतके जवळ येतात की त्यांचा द्रव होतो. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस मावतो तो त्यामुळेच.

६. बर्फापासून वाफेपर्यंत, तापमापी हातात घेऊन

ह्या प्रयोगाला दोन तास द्या.

पहिल्या तासाला ठेचलेला बर्फ पेल्यात घ्या, तापमापी त्यात उभा धरा, तळाला टेकू देऊ नका, आणि हळूहळू ढवळत दर मिनिटाला आकडा लिहा. मुलांचा अंदाज ठरलेला असतो: बर्फ वितळत जाईल तसं तापमान वाढेल. प्रत्यक्षात बर्फाचा शेवटचा तुकडा असेपर्यंत आकडा शून्याच्या आसपासच थांबतो. मुलांना वाटतं तापमापी बिघडला. हा क्षण हातचा घालवू नका. बाहेरून उष्णता तर येतेय, मग ती जातेय कुठे? उत्तर लगेच देऊ नका, एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, 'वितळवण्यात.'

दुसऱ्या तासाला पाणी उकळायचं. हे काम तुमचं, मुलांचं नाही. मुलं दोन हात लांब, केस बांधलेले, ओढणी मागे. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त खोल भाजतो, हे आधी सांगा.

इथे माझी एक चूक सांगते. एका मुलीने उकळत्या पाण्याचं तापमान वहीत ९७ लिहिलं होतं. मी ते खोडून लाल शाईने १०० केलं. ती हळूच म्हणाली, "पण बाई, मी दोनदा बघितलं." मी म्हणाले, "पुस्तकात १०० आहे ना?" त्या रात्री मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी स्वतः पुन्हा पाणी उकळून पाहिलं, तेव्हा तापमापी ९७ आणि ९८ च्या मध्येच थांबला. आमचं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश. रत्नागिरीत १०० येईल, पुण्यात ९८ च्या आसपास, आणि महाबळेश्वरला ९५-९६. मी वर्गासमोर तिच्या वहीतला माझा शेरा खोडला आणि तिचा आकडा फळ्यावर लिहिला. तेव्हापासून मुलांनी मोजलेला आकडा मी बदलत नाही. शंका आली तर एवढंच म्हणते, "पुन्हा मोजूया." तुमच्या गावची उंची आधी शोधून ठेवा.

वाफेबद्दलही एक गोंधळ आहे. किटलीच्या तोंडातून निघणारा पांढरा ढग म्हणजे वाफ, असं आपण सगळेच म्हणतो. खरी वाफ दिसत नाही. किटलीच्या तोंडाशी बारकाईने बघा, ढग सुरू होण्याआधी बोटभर जागा मोकळी दिसते. वाफ आहे ती तिथे. पांढरं दिसतं ते पुन्हा गार होऊन झालेले पाण्याचे सूक्ष्म थेंब. तसंच पाणी तापायला लागल्यावर आधी येणारे बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे, आणि खळखळ उकळताना येणारे मोठे बुडबुडे पाण्याच्या वाफेचे. सातवी-आठवीच्या मुलांनाही विचारून बघा, बहुतेक सगळे 'हवा' म्हणतील.

७. पेला गळतोय का?

स्टीलच्या पेल्यात बर्फ आणि पाणी घालून वर झाकण ठेवा. पाच मिनिटांत बाहेरून थेंब. एक मुलगा दरवर्षी छातीठोकपणे सांगतो, "बाई, पेला गळतोय." त्याला गप्प करू नका, त्यालाच विचारा, हे तपासायचं कसं?

आमच्या वर्गाने दोन उपाय काढले. एक, पाण्यात शाई घालायची. पेला गळत असेल तर बाहेरचे थेंब निळे यायला हवेत. सगळ्यांनी बोटाने थेंब टिपून पांढऱ्या कागदावर लावले. कागद ओला झाला, निळा नाही. दुसरा उपाय एका मुलीने सुचवला: पेला काट्यावर ठेवायचा. गळत असेल तर वजन तेवढंच राहील, कारण आतलंच पाणी बाहेर आलेलं. बाहेरून कुठून तरी येत असेल तर वाढेल. पावसाळ्यात पंधरा-वीस मिनिटांत काटा एखाद-दोन ग्रॅमने वर जातो. सगळी डोकी त्या काट्यावर वाकलेली असतात, आणि आकडा बदलल्यावर जो गलका होतो त्याने शेजारचे गुरुजी दारात येतात. पेल्याचा तळ कोरडा करून मगच काट्यावर ठेवा, आणि खाली पडणारे थेंबही काट्यावरच राहतील अशी एक ताटली ठेवा.

८. विरघळलं म्हणजे गेलं का?

१०० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, आणि प्रश्न: विरघळल्यावर काटा किती दाखवेल? अर्धा वर्ग १०० लिहितो. 'मीठ दिसत नाही म्हणजे नाही.' काटा ११० दाखवतो. मीठ सांडू नका आणि ढवळलेला चमचा पुसून बाजूला ठेवू नका, नाहीतर १०८ येईल.

त्याच तासाला आणखी किती मीठ मावेल ते बघा. १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मिठापर्यंत विरघळतं, मग तळाशी बसायला लागतं. साखर मात्र त्याच पाण्यात २०० ग्रॅमपर्यंत जाते. घरी पाक करताना आई किती साखर घालते ते मुलांना विचारून यायला सांगा.

मीठ गेलं कुठे, हे समजवायला एक वाटी हरभरे आणि एक वाटी मोहरी एकत्र करा. दोन वाट्या भरत नाहीत, मोहरी हरभऱ्यांच्या फटीत शिरते. ही फक्त कल्पना करायला मदत आहे, हे स्पष्ट सांगा. मी एकदा सांगायला विसरले आणि एका मुलाने उत्तरपत्रिकेत पाण्याचे कण हरभऱ्याएवढे असतात असं लिहिलं.

९. कापूर, विस्तवाशिवाय

संप्लवन म्हणजे स्थायूचा द्रव न होता थेट वायू होणं. पुस्तकातल्या आकृतीत खाली ज्योत असते. कापूर पटकन पेट घेतो, म्हणून मी ज्योत वापरत नाही. एका छोट्या वाटीत कापराच्या दोन-तीन वड्या चुरून घाला, ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात तरंगत ठेवा, वर ताटली झाका आणि ताटलीत बर्फ ठेवा. खिडक्या उघड्या. पंधरा मिनिटांनी ताटली उलटली की तिच्या पोटावर पांढरे, चमकदार कण बसलेले दिसतात. पाण्याची वाफ आत शिरू नये म्हणून वाटी आणि ताटलीत फट राहू देऊ नका. कापूर पोटात गेला तर विषबाधा होते, तेव्हा वड्या मोजून द्या आणि मोजून परत घ्या. डांबरगोळ्या वापरू नका, त्यांचा धूर वर्गात नको.

१०. स्थायू की द्रव? भांडू द्या

दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये साधारण एक वाटी पाणी थोडं थोडं घाला. बुक्का मारला तर कडक, बोट हळू घातलं तर आत जातं, मूठ वळली तर गोळा, उघडली की ओघळून जातं. मुलांचे दोन तट पडतात आणि ते तसेच ठेवावेत. काही पदार्थ आपल्या तीन खणांत नीट बसत नाहीत, हे त्यांना हाताने कळतं. मक्याचं पिवळं पीठ आणू नका, कॉर्नफ्लोअर म्हणजे त्याचा पांढरा स्टार्च. आणि उरलेलं मिश्रण बेसिनमध्ये ओतू नका, नळी तुंबते.

रेती, रवा, साखर ओतता येते म्हणून मुलं त्यांना द्रव म्हणतात. भिंगातून एक दाणा दाखवा. त्याला स्वतःचा आकार आहे. विषय संपला.

११. नवा पदार्थ तयार होतो तेव्हा

१ लिटरच्या प्लास्टिक बाटलीत लिंबाचा रस घ्या. चिमूटभर, म्हणजे १ ग्रॅमपेक्षा जास्त नाही, इतका खाण्याचा सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधा. आधी बाटली, झाकण आणि पुडी यांचं एकत्र वजन करा. पुडी आत टाकून लगेच झाकण घट्ट लावा. फसफस झाल्यावर पुन्हा वजन. आकडा तोच. झाकण उघडा, फुस्स करून वायू जातो. एवढा थोडा वायू आपल्या काट्यावर दिसेलच असं नाही, पण आवाज सगळे ऐकतात. काचेची बाटली ह्या प्रयोगाला कधीही नाही, आणि सोडा वाढवायचा नाही.

बाटलीच्या तोंडाला फुगा लावून करतात तो प्रयोग दिसायला छान, पण वजन करायला तो घेऊ नका. फुगा फुगला की बाहेरची हवा त्याला वर ढकलते आणि काटा एखादा ग्रॅम कमी दाखवतो. मुलं म्हणतात, वस्तुमान कमी झालं. ते चुकीचं आहे, पण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि पाहिलेलं पुसता येत नाही.

१२. आता शब्द द्या

एवढं झाल्यावर व्याख्या दोन तासांत होतात. पण आपल्या भाषेतच काही फसवे शब्द आहेत, ते वेगळे काढून दाखवा.

'द्रव' आणि 'द्रव्य' मुलं सर्रास एकच समजतात. दगड हे द्रव्य आहे, द्रव नाही, हे वाक्य भिंतीवर लावा. आठवीत 'द्रव्याचे संघटन' शिकवताना निम्मा गोंधळ ह्या एका जोडाक्षराचा असतो. 'वितळणं' आणि 'विरघळणं' यांचंही तसंच. साखर पाण्यात वितळत नाही, विरघळते. वितळायला एक पदार्थ आणि उष्णता पुरे, विरघळायला दोन पदार्थ लागतात. 'पदार्थ' म्हटलं की लहान मुलांना खाण्याचाच आठवतो, तेव्हा पहिल्या दिवशी खिळा, पाणी, शाल, लाडू असं सगळं टेबलावर मांडा. आणि 'गॅस' म्हणजे फक्त सिलिंडरमधला नाही, आपण सोडतो तो श्वासही वायूच.

बोलीतले शब्द चूक म्हणून टाकून देऊ नका. 'पाणी आटलं' म्हणणाऱ्या मुलाला बाष्पीभवन माहीत आहे, त्याला फक्त पुस्तकातलं नाव माहीत नाही.

आणखी शिकायचं असेल तर पुण्यात आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका आणि मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. स्वस्त सामानातून विज्ञान शिकवण्याची वाट मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू केली होती. खेड्यातल्या सरकारी शाळांत, आपल्यासारख्याच वर्गांत.

१३. डिसेंबरसाठी राखून ठेवलेला प्रश्न

बर्फ पाण्यावर तरंगतो. मुलं त्यावरून नियम काढतात: स्थायू हलका, द्रव जड. पुस्तकातली कणांची आकृती मात्र उलट सांगते, स्थायूत कण जास्त जवळ. हा विरोध एखाद्या मुलाच्या लक्षात आला तर त्या दिवशी उत्तर देऊ नका, प्रश्न भिंतीवर लावून ठेवा.

थंडी पडली की खोबरेल तेलाची बाटली आणा. रात्री थोडं तेल चमच्यात गोठू द्या. सकाळी दुसऱ्या ग्लासमध्ये उन्हात ठेवून पातळ केलेलं, पण गरम नसलेलं तेल घ्या आणि गोठलेला तुकडा त्यात सोडा. ग्लास मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, आधी अंदाज लिहून घ्या. तुकडा तळाशी जाऊन बसतो. मग शेजारी पाण्याचा ग्लास ठेवा, त्यात बर्फ टाका, आणि दोन्ही ग्लास तसेच टेबलावर ठेवून मुलांना बोलू द्या.